बुधवारचं मौन

तिथं नका बसू साहेब, ती खुर्ची डुगडुगते — इकडे या, पंख्याखाली. हे बाहेर गेलेत, येतीलच इतक्यात. पण तुमची पाहणी उद्या होती ना? हे तर म्हणाले, बुधवारी येणार म्हणून. — हो का, उद्या दुसऱ्या भागात जायचंय होय. मग आज आलात ते बरंच केलंत. उद्या आला असतात तर मी तुमच्याशी एक अक्षर बोलले नसते. माझं मौन असतं बुधवारी. फार वर्षांचं व्रत आहे, लग्नाच्या आधीपासूनचं. आणि गंमत बघा, ह्यांच्याकडे कुणी मोठं माणूस यायचं झालं की ते नेमकं बुधवारी येतं — वर्तमानपत्रवाले आले ते बुधवारी, समितीची सभा घरी भरली ती बुधवारी. योगायोग म्हणायचा. माझी धाकटी चुलत जाऊ म्हणते, ताई, व्रत तुम्ही करता आणि फळ भाऊजींना मिळतं. चेष्टेखोर आहे ती, तिचं मनावर घेऊ नये.

पाणी घ्या. अर्धाच पेला का, असं बघू नका — तो ह्यांचा नियम आहे. पाहुण्याला अर्धा पेला द्यायचा, तहान उरली तर आणखी अर्धा. पाणी वाचवा समितीचे अध्यक्ष ना, घरापासून सुरुवात नको का? फाटकावरची पाटी वाचलीत? ‘या घरात थेंबही वाया जात नाही.’ अक्षर ह्यांचंच. आदर्श पाणी-घराच्या बक्षिसात फार जीव अडकलाय हो त्यांचा. आणि बक्षीस म्हणजे नुसती भिंतीवर लावायची ढाल नाही — ज्याला मिळेल त्याच्या हाती खालच्या तळ्याचं सुशोभन देणार, असं ठरलंय ना तुमच्याकडे? तेच. ह्यांनी तर चित्रसुद्धा काढून ठेवलंय. तळाला सिमेंट, कडेनं फरशी, मधोमध कारंजं. रंगीत दिवे पण आहेत चित्रात. कारंज्याला पाणी कुठून येणार हे विचारलं मी, तर म्हणाले, तुला त्यातलं कळत नाही. खरंय, नाही कळत.

चला, ते येईपर्यंत मागचं अंगण दाखवते. हा बघा, गच्चीवरून येणारा पाइप. पावसाचं पाणी ह्यातून खाली येतं. निळा रंग ह्यांनी स्वतः दिला, दोन हात दिले. इथून तो जातो शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरतं — खड्डा? खड्डा व्हायचाय अजून. आधी रंग वाळू दे म्हणाले होते, मग फोटो काढणारे आले, मग ते राहूनच गेलं. तोपर्यंत पाणी ह्या पायरीवर पडतं आणि तिकडून रस्त्यानं जातं. पायऱ्या मात्र लख्ख धुऊन निघतात. जपून, शेवाळ आहे.

आणि ही हिरवळ. आहे ना सुंदर? एवढ्या कडक उन्हाळ्यात सबंध गल्लीत एक हिरवं पान नाही, आणि इथं बघा. भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढवलीय, असं समितीच्या पत्रकात छापलंय. मला आपलं कौतुक वाटतं — घरात आम्ही दोघं, आमची भांडी ती किती? त्या पाण्यात ह्यांच्या चपलासुद्धा भिजायच्या नाहीत. पण लोक विचारत नाहीत. हिरवं दिसलं की माणूस खूश होतं, पुढचं विचारत नाही. तुम्ही तेवढे विचारताय.

ते ना, ते कपाट. बागेत कपाट कशाला, असं तुमच्या मनात आलं असणार. पुढच्या बाजूला खुरपं, झारी, दोऱ्या असतात. मागच्या बाजूला मोटार आहे. — बोअरची. जुनी रजई घातलीय तिच्यावर, थंडी वाजते म्हणून नव्हे, आवाज होऊ नये म्हणून. पहाटे तासभर चालते, संध्याकाळी — अगंबाई. हे सांगायचं नव्हतं का? मला कुणी सांगू नको म्हणालं नाही हो. बुधवारी गप्प बसायचं एवढंच ठरलेलं असतं, मंगळवारचं काही ठरलेलं नाही. आणि खोटं काही बोलता येत नाही मला. ते काही व्रतबित नाही, जीभच अडते.

लिहायचं थांबलात का? लिहा ना. पण त्याआधी एक ऐका. ह्यांना वाईट समजू नका. लहानपणी ह्यांच्या घरी एका बादलीत पाच भावंडं आंघोळ करायची, शेवटचा नंबर ह्यांचा, तोवर बादलीत उरायचं ते पाणी कसलं, चिखल. आता संध्याकाळी हिरवळीवर अनवाणी चालतात ना, तेव्हाचा चेहरा बघायला हवा तुम्ही. पाच वर्षांच्या मुलाचा चेहरा असतो. मी इतकी वर्षं मोटारीबद्दल चकार शब्द काढला नाही तो त्या चेहऱ्यासाठी. पण तळ्याचं काय?

या, इथून कुंपणावरून दिसतं. ते खालचं. आता डबकंच म्हणा, पण मी सून म्हणून आले तेव्हा चांगलं तळं होतं, पलीकडचा काठ दूर वाटायचा. बुधवारी मी तिथंच जाऊन बसते. घरात मौन पाळणं सोपं नसतं — हे विचारतात, माझा चष्मा कुठाय, आणि मी खुणा करून दमते. तळ्यावर कुणी काही विचारत नाही. खालच्या गल्लीतल्या बायका धुणं धुतात, त्यांच्यात एक मावशी आहे, सगळ्या लॉजच्या चादरी तिच्याकडे, ती एकटी दोघींचं बोलते. आणि काठच्या लव्हाळ्यात एक पाणकोंबडी आहे, यंदा पिल्लं आहेत तिची, काळ्या लोकरीच्या गोळ्यांसारखी. तर ह्या उतारावर, त्या दोन दगडांच्या मधून, झरा यायचा. बारमाही. त्याच्यावरच तळं. बोअर घेतल्यावर वर्षा-दोन वर्षांत तो उन्हाळ्यात बंद पडायला लागला. मला काही संबंध सुचला नाही, खरंच नाही. मला वाटलं, देव कशावरून तरी रुसलाय. म्हणून मी साखर सोडली. झरा वाहेपर्यंत गोड खायचं नाही. मावशी म्हणाली, अगो, झऱ्याला काय ठाऊक तू काय खातेस ते. म्हटलं, देवाला ठाऊक आहे ना.

आणि गेल्या उन्हाळ्यात काय झालं — मोटार जळली. सुटा भाग कुठं मिळेना, महिना सव्वा महिना पडून राहिली. हिरवळ पिवळी पडली, हे दोन दिवस जेवले नाहीत. आणि मी बुधवारी खाली गेले तर दगडांच्या मधली माती ओली. हात लावला तर गार. पुढच्या बुधवारी बोटाएवढी धार. भर उन्हाळ्यात. मौन होतं म्हणून, नाहीतर ओरडले असते. मावशीनं माझ्या वतीनं ओरडून घेतलं. घरी येऊन चहात दोन चमचे साखर घातली, देवाला हात जोडले, व्रत फळलं म्हटलं. मग मोटार दुरुस्त होऊन आली. धार गेली. कपभर साखर संपायच्या आत गेली हो.

मग मात्र मला कळलं देव काय सांगत होता ते. त्यानं काही हातचं राखलं नव्हतं, मीच उशिरा ऐकलं. साखर पुन्हा सोडली. आणि एक नवस बोलले — हसू नका — देवा, मोटार पुन्हा जळू दे. असा नवस कुणी बोलतं का? नवऱ्याचं नुकसान मागून घेतलं मी. रात्रभर लाज वाटली. सकाळी जाऊन नवस बदलून घेतला. तसा बदलता येतो, भाव शुद्ध असला की. म्हटलं, जळायला नको, हे बिचारे पुन्हा दुरुस्त करून आणतील. ती बंद करायला लावील असं कुणीतरी माणूस पाठव. घरात प्यायला, धुवायला लागतं तेवढं पाणी काय, नळाला येतं तेवढ्यात भागतं आमचं, शोषखड्डा झाला तर गच्चीवरचंही जमिनीत राहील. हिरवळीच्या जागी मी चार काटक झाडं लावीन, त्यांच्या सावलीत हे अनवाणी चालतील. पण ह्यांना सांगणार कोण? अध्यक्षांना कोण सांगतं? मी सांगितलं तर म्हणतील, तुला त्यातलं कळत नाही.

आणि आज तुम्ही आलात, तेही मंगळवारी.

सिमेंट तेवढं होऊ देऊ नका. तळ सिमेंटचा झाला तर झरा परत आला तरी वर कुठून येणार तो? आणि ती पाणकोंबडी फरशीवर पिल्लं घेऊन कशी — थांबा. फाटक वाजलं. त्यांचंच आहे, ते असंच दोनदा ढकलतात. पेला द्या, उरलेला अर्धा भरून आणते — नको, इथंच उभे राहा, कपाटाजवळ, म्हणजे त्यांना सगळं पुन्हा दाखवावं लागणार नाही. रागानं बोलू नका त्यांच्याशी. त्या बादलीचं लक्षात ठेवा.

आणि मला काही विचारायला लागले, तर तुम्हीच सांगा त्यांना — तिचं उद्याचं मौन आजच सुरू झालंय म्हणून.