पांढरं निशाण कुणी वर केलं याबाबत

मी, लिनिया आर्डन त्वाइट, वय १९ वर्षे, धंदा नोकरी (गळाच्या आमिषाचं दुकान), शिक्षण घरीच आईकडे, राहणार कोल्ड स्पून तळ्याचा उत्तर काठ, मिनेसोटा, आज स्वतःहून हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी आईवडिलांसह राहते. वडील आर्डन यांच्याकडे छंद म्हणून घरी बनवलेली एक आखूड तोफ आहे. काळी दारू भरून ते तिच्यातून लाकडी चेंडू तळ्यावर उडवतात. चेंडू तरंगतो, आम्ही तो नावेतून परत आणतो. याआधी अकरा वर्षांत कुणाला इजा झालेली नव्हती.

आमच्याकडे रीत अशी की, बत्ती देणारा पाण्याकडे पाहत नाही. तो तोफ आणि निशाण एवढंच पाहतो. पाणी पाहण्याचं काम माझं. दुर्बिणीतून डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत पाहून मी पांढरं निशाण वर करते. मी नऊ वर्षांची असल्यापासून हे काम माझ्याकडे आहे.

शनिवार दि. १४ जून रोजी दुपारी २.१० वाजता मी पाणी पाहिलं. मोकळं होतं. शेजारी श्री. ऑरिन स्कोग्लुंड, वय ७४, नेहमीप्रमाणे आपल्या धक्क्यावर कॉफी घेऊन बसले होते. वडिलांनी वात पेटवली, पण बार झाला नाही. स्कोग्लुंड तिकडून ओरडले, "आर्डन, तोफ आहे की कॉफीची किटली?"

वडील म्हणाले, "तू गप बस. तुझ्या गळाला तरी कधी काही लागतं का?"

बार चुकला की तीस मिनिटं तोफेजवळ जायचं नाही, हा आमचा नियम. घड्याळ माझ्या हातात होतं. मागे एकदा मी अठ्ठावीस मिनिटांनाच तीस म्हणाले होते, म्हणून या वेळी काट्यावरून नजर काढली नाही. तीस झाल्यावर वडिलांनी नवी वात लावली आणि विचारलं, "लिनी, पाणी?" मी निशाण वर केलं. पाणी पुन्हा पाहिलं नव्हतं.

आजचा खेळ संपला असं समजून स्कोग्लुंड तोवर होडी घेऊन निघाले होते. चेंडू होडीपासून दोन हातांवर पडला. होडी उलटली. २.४९ वाजता आम्ही त्यांना वर घेतलं. त्यांचं डावं मनगट मोडलं होतं. त्यांचे दात वाजत होते. ते म्हणाले, "पोरी, हा चेंडू तुझा की तुझ्या बापाचा?"

वडील म्हणाले, "माझा."

वडिलांनी काल येथे दिलेल्या जबाबात, पाणी आपण स्वतः पाहिलं, असं सांगितल्याचं मला आईकडून कळलं. तसं घडलेलं नाही. त्यांची पाठ पाण्याकडे होती. मी येथे आल्याचं त्यांना माहीत नाही. सकाळपासून ते तोफेवर ताडपत्री घालतात आणि पुन्हा काढतात. श्री. स्कोग्लुंड यांना माझं उत्तर द्यायचं राहिलं आहे. चेंडू माझा.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो उतरवला आहे. एका ठिकाणी "पाणी पाहिलं असावं" असं लिहिलं गेलं होतं, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "पाहिलं नव्हतं" असं केलं आहे. खोडल्या जागी माझी सही आहे.