कॅनडाचा डोंगर

(अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं बेलव्ह्यू, कॅनडाच्या सीमेपासून दोन तासांवर. शुक्रवारची सकाळ. स्वयंपाकघर. चौदा वर्षांची आन्या वर झोपलेली.)

सुलेखा : निसर्गाला सीमा नसतात, श्रीरंग.

श्रीरंग : असतात. ब्लेनच्या बॉर्डर नाक्यावर आहे. शनिवारी दीड तासाची रांग असते.

सुलेखा : म्हणून तर आज निघतेय. कॅनडाचा व्हिसा फेब्रुवारीतच काढलाय.

श्रीरंग : मला न विचारता?

सुलेखा : फोटो तूच काढलास. वर म्हणालास, हसू नकोस.

श्रीरंग : अगं, पण पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का संपून चार वर्षं झाली! इथे राहायला चालतं, बाहेर पडून परत आत यायचं म्हणजे...

सुलेखा : तीस दिवसांत आलं तर चालतं. वकिलानं ईमेलवर लिहून दिलंय.

श्रीरंग : वकिलाला परत यायचं नसतं. आणि बॉर्डरवरचा ऑफिसर त्या दिवशी बायकोशी भांडून आला असेल तर?

सुलेखा : तू रोज भांडून जातोस. कुणाला अडवलंस आजवर?

श्रीरंग : तिकडे अस्वलं असतात.

सुलेखा : स्प्रे घेतलाय.

श्रीरंग : तो अंगाला लावायचा नसतो, अस्वलावर मारायचा असतो.

सुलेखा : माहितीये. आता.

श्रीरंग : आणि चढण?

सुलेखा : तीन महिने पाठीवर वीस पौंडांचे तांदूळ घेऊन जिना चढतेय. तुला काय वाटलं?

श्रीरंग : मला वाटलं, नवस असेल. हे बघ, ग्रीन कार्ड येऊ दे, मग हवं तिथे फीर यार.

सुलेखा : अकरा वर्षं ऐकतेय! 'ग्रीन कार्ड आलं की नेतो त्या डोंगरावर.' पाऊस नसला की इथे भांडी घासताना खिडकीतून तोच समोर. आन्याला घास भरवले 'तो बघ कॅनडाचा डोंगर' करत. आता बास. त्याच्या पलीकडे तीन तळी आहेत, एकाच्या वर एक. तिसऱ्याच्या काठावर बसून पोहे खाणार. परत घेतलं तर येईन. नाही घेतलं, तर तू ये नागपूरला, मला शोधत.

आन्या : (जिना उतरत) तुमचा आवाज वरपर्यंत येतोय. आई, यू आर ॲक्च्युअली गोइंग? फायनली!

सुलेखा : बघ, हिला कळतं. आन्या, उद्या त्या डोंगराकडे बघून हात हलव हं. मी तिकडून हलवीन.

आन्या : कुठल्या?

सुलेखा : अगं हा, समोरचा. कॅनडाचा.

आन्या : आई, दॅट्स माउंट बेकर. तो वॉशिंग्टनमध्येच आहे.

सुलेखा : ...श्रीरंग?

श्रीरंग : उत्तरेला दिसतो ना. मला वाटलं, असेल.

सुलेखा : किल्ली दे गाडीची. तळी तरी कॅनडात आहेत ना गं?

आन्या : हो, ती आहेत. बट बेकर इज रिअली नाइस. सहावीत आमची ट्रिप गेली होती, स्कूल बसनं तीन तास. फॉर्मवर बाबांनीच साइन केलं होतं.