धोतरांची बाळुती

डायपरचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून सांगते. रोह्याला लेकीकडे माझी नात बाळंतपणासाठी आली, तेव्हा आमच्या ह्यांच्या पश्चात जपून ठेवलेली मऊ धोतरे मी काढली आणि त्यांची बाळुती शिवली. एकदा वापरायचे आणि फेकायचे, हे मला मुळीच रुचत नाही.

आमच्या घरी सूनबाईंना मात्र तो गठ्ठा जुन्या फडक्यांचा वाटला. त्यांनी तो जोह्याच्या एका गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात रंग पुसायला देऊन टाकला! ह्यांची धोतरे आता दुसरी कुठून आणणार? मी आमच्या रामवाडीहून तडक एस.टी.ने जोहे गाठले.

कारखान्याच्या मालकीणबाई शेवंताबाई पडवीत तान्ह्या नातवाला थोपटत बसल्या होत्या.

"अहो, आमच्याकडून आलेली कापडे रंगाला लावलीत का?"

"नाय गो आजी! असलं मऊ कापड रंगाला कोण लावील? माझ्या नातवाला लावलं."

दोरीवरची स्वच्छ धुतलेली बाळुती काढून त्यांनी माझ्या हाती ठेवली. एकही कमी नव्हते.

"शेवंताबाई, येणाऱ्या पणतवंडासाठी शिवलीत हो ही! तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"उपकार कसले? नव्या बाळाला आधी दुसऱ्या पोराचं वापरलेलं घालायची रीत हाय ना? तुमच्या पणतवंडाचं तेवढं काम माझ्या नातवानं करून ठेवलंय. चांगलं मन लावून केलंय, व्हय!"