सात नंबरची चिठ्ठी

नाशिकला निघालेल्या एसटीत साधनाच्या पुढच्या बाकावर निफाडच्या दोन जावा बसल्या होत्या. धाकटी मंजुषा परवाच सिंगापूरहून आली होती. फवारणीच्या औषधांच्या कंपनीने दुकानदार जोडप्यांना बोटीची सहल घडवली होती. साधनाने मासिक उघडलं खरं, पण पान काही उलटेना.

"दुकान दोघा भावांचं, सहल मात्र एकाची! बरं, बोटीतून उतरल्यावर शेवटच्या दिवशी काय पाहिलं?"

"तोंडातून पाणी सोडणारा सिंह, अक्का. लय भारी!"

"आपला नळबी सोडतो पाणी. पुढं?"

"मग बाजारात गेलो. तिथं द्राक्षाचा खोका होता, आपल्याच पॅकिंग शेडचा!"

"काय सांगती!"

"देवाशप्पथ! आत खोका भरणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी होती. सात."

"सात तर माझा नंबर हाय."

"म्हणून तर सांगते. तुम्ही भरलेला खोका, अक्का!"

"म्हणजे मी शेडमध्ये दिवसभर उभी, अन् माझी चिठ्ठी सिंगापूरला. दाखव की मग."

"काय?"

"चिठ्ठीचा फोटो. पिशवीभर फोटो घेऊन गावभर फिरतीस ना?"

"तवर रोल संपला होता, अक्का."

"छत्तीसच्या छत्तीस?"

"हो ना."

"त्यात त्या सिंहाचे किती?"

मंजुषा खिडकीबाहेर बघू लागली.

"किती गं?"

"अकरा."