बिनचावीचं घड्याळ

उन्हाचा असा तडाखा होता की तीन दिवस झाडाचं पान हललं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बाजेवरून मीही हललो नव्हतो. तेव्हा मला भारी घड्याळं घ्यायची, चार महिने हातावर मिरवायची आणि फायद्यात विकायची, असा नाद होता. नगरला कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदाराकडून बिनचावीचं विलायती घड्याळ घेतलं होतं. हात हलला की ते आपोआप चालायचं. त्यापायी दुभती म्हैस विकली होती, आणि त्या दुपारी शेवगावचा एक आडत्या ते बघायला येणार होता. मनगटाकडं पाहिलं, तर घड्याळ बंद.

शेजारची सखूबाई म्हणाली, "आबा, तुमचा हात हलंस्तवर दिवाळी यायची. द्या हिकडं."

तिनं ते सुतळीत ओवून आपल्या करडाच्या गळ्यात बांधलं. करडू अंगणभर उड्या मारायला लागलं, तसा काटाही पळायला लागला. तेवढ्यात आडत्या आला. त्यानं करडू धरून घड्याळ कानाला लावलं.

"चालतंय की झकास. पन ह्याच्या गळ्यात कशापायी?"

मला खोटं बोलणं जमत नाही. "माझ्या हातावर बंद पडतं. मी आपला बसून असतो."

आडत्या विचारात पडला. "मीबी दिसभर गादीवर लोळूनच असतो. मंग करडूबी द्या."

घड्याळ माझ्या खरेदीच्याच भावात गेलं. करडाचे मात्र सखूबाईनं दुप्पट घेतले. करडू काखेत मारून तो एसटीकडं निघाला, तशी ती मला म्हणाली, "आबा, असलंच बंद पडनारं आनखी एखादं बघा की. माझ्याकडं अजून दोन करडं हायती."