माळरानावरचा गडमाथा

सिडनीच्या वेस्टमीड हॉस्पिटलात एक्स-रेसाठी ताटकळलेल्या यामिनीच्या कानावर मागच्या खुर्च्यांवरून मराठी आलं.

"डॉक्टरांना सांग, ट्रेकला कड्यावरून घसरलो."

"कडा कुठे होता, अवधूत? डबो गावाजवळची माळरानावरची सपाट ट्रेल ती. तीन तास चाललो, पूर्ण वेळ आपली गाडी दिसत होती."

"टेकडी होती."

"आपलं स्कोफिल्ड्समधलं घर तिच्याहून उंच आहे."

"माथ्यावर पोचलं की आरोळी ठोकायची, ही पद्धत आहे आपली."

"ठोकलीस ना. दोनशे मेंढ्या धावत आल्या. त्यांना वाटलं, चारा घालणारा आला."

"मी त्यांना वाट दिली."

"तू पळालास. थेट गाडीपर्यंत. पाय मुरगळला तो कारपार्कात."

यामिनीचं नाव पुकारलं गेलं. तिनं शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना हातानंच पुढे व्हायला सांगितलं आणि पुन्हा टेकून बसली.

"देवयानी, पुण्याच्या ट्रेकग्रुपला यातलं अक्षर कळता कामा नये."

"का रे? इकडे येण्याआधी पंधरा वर्षं लीडर होतास त्यांचा. तुझ्या एका हाकेवर इतके जण पहिल्यांदाच जमले."