चार दिवस गप्प बस

कान्हा: होडी देतो गं मावशे, नाय कोण बोलतंय? केळीचे खांब बांधीन, झेंडू लावीन, तुझ्या सुनेला राणीगत बसवून खाडीतून फिरवून आणीन. पण आधी तो अडकित्ता खाली ठेव आन माझं ऐक. तुला एक गोष्ट सांगायला आलोय. आपल्याच वाड्यातली हाय, तुझ्या डोळ्यांदेखत घडलेली हाय, तरी तुला ठाऊक नाय.

सखुबाई: परवा गंगूचं डोहाळजेवण, पायलीभर तांदूळ दळायचे पडलेत, आन तुला गोष्टी सुचतात. कोणाची गोष्ट?

कान्हा: तुझ्या भाच्याची. दामाजीची आन शेवंतीची.

सखुबाई: त्या बाईचं नाव या ओट्यावर नको. सगळ्या बाळकूमला आमंत्रण गेलं, एक ते घर सोडलं, ते उगाच नाय. नऊ महिने पोटुशी म्हणून मिरवली, माझ्या बहिणीच्या हातचं तूप खाल्लं, आन निघालं काय? नुसती चरबी. अशीची सावली माझ्या गंगूवर पडू देऊ?

कान्हा: चरबीचं मला नको सांगू. माझं पोट बघ, मी कुठं कोणाचं तूप खाल्लंय.

सखुबाई: तुझं ताडीचं हाय. बोल लवकर.

कान्हा: बोलतो. तर पिलेगच्या आधी तीन वर्सं. दामाजीचं लग्न होऊन नऊ वर्सं झालेली, पाळणा नाय. तुझी बहीण चंद्रभागाकाकी देवाला नवस बोलून दमलेली. अशात शेवंती भरायला लागली. आधी तोंड भरलं, मग हात. बांगड्या हातात रुतल्या, कासारानं फोडून काढल्या, आन मोठ्या मापाच्या भरल्या त्याही सहा महिन्यांत फुटल्या. महिन्याचं बाहेर बसणंही थांबलं. चंद्रभागाकाकीनं काय समजायचं ते समजलं आन त्याच संध्याकाळी वाड्यात गूळ वाटला.

सखुबाई: मीच वाटला तिच्यासंगं. परात माझी होती.

कान्हा: आता तुम्ही सगळ्यांनी तिचं पोट पाहिलं. ती वैशाखात गोधडी घेऊन बसायची, ते कोणी पाहिलं? आम्ही घामानं निथळत होतो आन तिला हीव भरायचं. मासळीची पाटी डोक्यावर घेतली की धाप. बसल्या जागी पेंग. आवाज बाप्यागत घोगरा झालेला. ती सासूला बोललीही होती, की आय, मला हे पोटुशीपणाचं वाटत नाय, अंगात काय तरी बिघडलंय. काकी हसली. पहिलटकरणीला काय कळतंय, म्हणाली, आन ताटात तांदळाचा अजून एक पोळा वाढला. सकाळी शिरा, दुपारी चिंबोऱ्या, संध्याकाळी नारळाचा रस. दोन जिवांचं म्हणून. तिची खायची इच्छाच मेलेली. नको बोलली तर बाया म्हणायच्या, डोहाळे लागलेत.

सखुबाई: वाढलं ते प्रेमानंच ना. विष नव्हतं वाढलं.

कान्हा: प्रेमानंच. तीच तर गोष्ट हाय, मावशे. कोणाच्या मनात पाप नव्हतं. पुढचं ऐक, ते फक्त तिघांना ठाऊक हाय. पाचव्या महिन्यात, तुम्ही तिचं डोहाळजेवण धरलेलं त्याच्या चार दिवस आधी, शेवंती बाहेरची झाली.

सखुबाई: काय बोलतोस?

कान्हा: झाली. दामाजी बंदरावर जाळं सुकवत होता, तिथं एकटी गेली आन त्याला सांगितलं. म्हणाली, "हे पोर गेलंय असं नाय. पोर कधी नव्हतंच. आयला आज सांगा, मी सांगितलं तर खोटी ठरेन." दामाजी जाळं हातात धरून उभा. त्याच्या डोळ्यांपुढं काय आलं? डोंबिवलीहून तिच्या माहेरची माणसं भरतीबरोबर निघायची होती. होडी रंगवून झालेली. आय नऊ वर्सांनी गाणं गुणगुणत होती. त्याला वाटलं, आईचा एक सण तरी होऊ दे, मग सांगू. तो बोल्ला, "चार दिवस गप्प बस."

सखुबाई: आन ती बसली?

कान्हा: बसली. विटाळाची चुलीपाशी वावरली. त्या पापानं रात्रभर रडली, ते दामाजीनं ऐकलं आन कूस बदलली. मग तो दिवस. वल्ही माझ्या हातात होती. ती हिरवं लुगडं नेसून फुलांच्या कमानीखाली, तुम्ही बाया भोवती. तू पुढं बसून गात होतीस.

सखुबाई: ती रडत होती. आम्ही म्हटलं, माहेरचे आले म्हणून.

कान्हा: मलाही तेच वाटलेलं. ओटीत नारळ पडला तेव्हा तिनं मान फिरवून दामाजीकडं बघितलं. तो शिडाची दोरी बांधत होता. बांधलेलीच दोरी परत बांधत होता.

सखुबाई: मग चार दिवसांनी का नाय सांगितलं मेल्यानं?

कान्हा: चार दिवसांनी आईला ताप आला. बरी झाल्यावर सांगू. मग आवस आली, मग म्हावऱ्याचा हंगाम आला. एकदा गप्प बसायची सवय लागली ना मावशे, की माणूस कारणं शोधत नाय, कारणंच त्याला शोधत येतात. नववा संपला, दहावा लागला, आन काकीनं रखमाबाई सुईणीला आणलं. तिनं पोट चाचपलं आन पदराला हात पुसले. म्हणाली, इथं कोणी नाय, कधी कोणी नव्हतं.

सखुबाई: मी होते तिथं.

कान्हा: होतीस. काकीनं कपाळ बडवून घेतलं. आन तू चारचौघींत काय बोललीस ते आठवतंय?

सखुबाई: आठवतंय. पोटाचं सोंग करून सासूला लुबाडलं, असं बोलले. पुढं तू नको बोलूस.

कान्हा: नाय बोलत. दामाजी दारातच होता. शेवंतीनं त्याच्याकडं एकदा बघितलं. त्यानं तोंड उघडलं असतं तर ती सुटली असती. तिनंही त्याचं नाव नाय घेतलं. तो मला सांगताना बोल्ला, कान्ह्या, तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी आज माणसात असतो.

सखुबाई: तिला तोंड होतं ना? का नाय बोल्ली?

कान्हा: बोल्ली असती तर तू ऐकलं असतंस?

सखुबाई: नाय.

कान्हा: मग तिनं खाणं सोडलं. चोरून खाते म्हणतात ना, तर बघा, खातच नाय, असं तिचं. सोमवार, शनिवार, एकादशी, सगळे उपास धरले. उरलेल्या दिवशी मूठभर भात. काकी मडकी तपासायची, भाकऱ्या मोजायची, कमी काय निघायचं नाय. तर म्हणायची, ठाण्याच्या बाजारात खाऊन येत असंल. आन वजन तसूभर हललं नाय. उलट पाय सुजले. मग एके सकाळी ठाण्याला जाताना माजिवड्याच्या वाटेवर पाटीसकट पडली. बोंबील रस्त्यावर, ती कडेच्या पाण्यात. पाठीमागच्या बायांनी उचलून आणली.

सखुबाई: तेव्हा दामाजीनं तिला कल्याणच्या बाजूला नेलेलं. आम्ही म्हटलं, माहेरी टाकायला नेतोय.

कान्हा: कल्याणला वैद्याकडं नेलं. आगगाडीनं नेलं, कारण होडीत पाय ठेवणार नाय बोल्ली. वैद्यबुवा म्हातारे, नाडी बघायला लागले ते बघतच राहिले. मग दामाजीला म्हणाले, "हा खाण्यानं आलेला मेद नव्हे. हिच्या अंगातला अग्नी मंदावलाय. उपाशी ठेवाल तर उरलासुरला विझेल." कशानं मंदावला ते त्यांनाही नाय सांगता आलं. तसं सरळ बोल्ले. काढा दिला आन उपास बंद केले. दोन वेळा पोटाला हवं तेवढं, नाचणीची भाकरी, ताज्या म्हावऱ्याचं पातळ कालवण, भाजी. तळलेलं नाय, गोडधोड नाय, दिवस मावळायच्या आत जेवायचं. रोज चालायचं, पण धाप लागली की थांबायचं. आन एक बोल्ले, घाई करू नका. जे वर्सभरात चढलं ते महिन्यात उतरवायला जाल तर बाई जाईल.

सखुबाई: म्हणून ती चालत जायची ठाण्याला. आम्हाला वाटलं, तोऱ्यात जाते, आमच्यासंगं होडीत बसायला कमीपणा वाटतो.

कान्हा: आधी माजिवड्यापर्यंत तीनदा बसायची. मग दोनदा. दामाजी तिच्या मागं चार हात अंतर ठेवून पाटी घेऊन चालायचा, कोळ्याचा बाप्या डोक्यावर पाटी घेऊन. लोक हसले.

सखुबाई: मीही हसले. बायलीचा बैल म्हटलं.

कान्हा: दीड वर्स लागलं. सगळं नाय उतरलं, पण हीव गेलं, पेंग गेली, आवाज बराचसा परत आला. आता ती बिनथांबा ठाण्याला जाते. अंगानं बरी झाली. पण दामाजीशी कामापुरतं बोलते. भात हाय. पाणी तापलंय. एवढंच. तो बोल्ला, मी तिला वैद्याकडं नेलं, पाटी उचलली, सगळं केलं, एक सोडून.

सखुबाई: चंद्रभागाला नाय सांगितलं.

कान्हा: पिलेगात काकी पडली तेव्हा दोनदा तिच्या उशाशी जाऊन बसला. ती म्हणत होती, हिच्या हातचं पाणी नको. हीच वेळ होती. त्याच्यानं नाय झालं. काकी तशीच गेली, सुनेला खोटी समजून. ती वेळ आता कुठनं आणायची?

(सखुबाई अडकित्ता मिटून खाली ठेवते.)

सखुबाई: माझी बहीण इतकी वाईट नव्हती रे कान्ह्या. सांगितलं असतं तर चार दिवस रडली असती. मग तिनंच वैद्य शोधला असता.

कान्हा: शोधला असता.

सखुबाई: आन मी... मी गावात पाच वर्सं तेच बोलत फिरले. कोणाच्या ओटीला तिला उभी राहू दिली नाय. तो दाम्या कुठं हाय?

कान्हा: खाली बंदरावर. इथवर आलेला माझ्यासंगं. पायरीपासनं मागं फिरला, बोल्ला, तू जा, मला जमणार नाय.

सखुबाई: अजून नाय जमत. बोलव त्याला वर. तोंडावर विचारते.

कान्हा: विचार. शिव्याही घाल, त्याला बरं वाटंल. पण तो कुठं पळत नाय, उद्याही सापडंल. आज तू शेवंतीकडं जा. डोहाळजेवणाला बोलवायचं का नाय ते तुझं तू बघ. बोलावलंस तरी ती येईल असं मी म्हणत नाय. माफीही लगेच मागू नकोस, म्हाताऱ्या माणसानं पाया पडलं की समोरच्याला गप्पच बसावं लागतं. नुसतं तिच्या बाजूला बस आन विचार, शेवंते, तुला तेव्हा काय होत होतं? मग ती सांगायला लागली की तेवढं एक कर, मावशे, तिचं संपेपर्यंत मधी बोलू नको.